नोकरी सांभाळून लर्निंग डिझाइनचे पदव्युत्तर कोर्स: वाचकांचे प्रश्न

अमेरिकेत नोकरी करणाऱ्या आणि कामाचा भाग म्हणून इतरांना शिकवण्याची किंवा प्रशिक्षणाचे साहित्य तयार करण्याची जबाबदारी अंगावर आलेल्या वाचकांकडून सध्या एकाच विषयावर पत्रे येत आहेत. पदवीसाठी प्रवेश न घेता, म्हणजे नॉन-डिग्री विद्यार्थी म्हणून, विद्यापीठातले लर्निंग डिझाइनचे, म्हणजे पाठ आणि प्रशिक्षण यांची रचना करण्याच्या विषयाचे, पदव्युत्तर कोर्स करावेत का, आणि करायचे तर कसे, असे ते विचारतात. त्यांपैकी चार पत्रांना येथे उत्तरे देत आहे. पहिले उत्तर मुद्दाम विस्ताराने लिहिले आहे, कारण त्या पत्रात सांगितलेली अडचण या विषयाच्या मुळाशीच आहे.

प्रश्न: मी एका मोठ्या रुग्णालयात परिचारिका आहे. नव्याने रुजू होणाऱ्या परिचारिकांच्या प्रशिक्षणाचे काम माझ्याकडे असून इन्फ्यूजन पंप (शिरेतून औषध सोडणारे यंत्र), औषधांच्या नोंदी, हातांची स्वच्छता यांवरचे ऑनलाइन पाठ मीच तयार करते. पाठाच्या शेवटी असलेल्या चाचणीत सगळ्याजणी उत्तीर्ण होतात, परंतु वॉर्डमध्ये त्याच चुका पुन्हा दिसतात. लर्निंग डिझाइनचे रीतसर शिक्षण घ्यावे असे मनात आहे, मात्र दोन-तीन वर्षांच्या मास्टर्स पदवीसाठी वेळही नाही आणि सध्या इच्छाही नाही. नॉन-डिग्री विद्यार्थी म्हणून एक-दोन कोर्स केल्याने खरोखर काही साधेल का? सुरुवात कोणत्या कोर्सने करावी?
— एक वाचक भगिनी, टेक्सस

उत्तर: साधेल, आणि काय साधेल हे तुमच्याच पत्रावरून सांगता येते. डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९ मध्ये प्रशिक्षणाच्या मूल्यमापनाच्या चार पातळ्या मांडल्या. शिकणाऱ्यांना प्रशिक्षण कसे वाटले ही पहिली, ते काय शिकले ही दुसरी, कामावर परतल्यावर त्यांचे वागणे बदलले का ही तिसरी आणि त्या बदलाचा संस्थेच्या कामावर काय परिणाम झाला ही चौथी. तुमची चाचणी दुसऱ्या पातळीवर मोजते, आणि तुमची तक्रार तिसऱ्या पातळीवरची आहे. या दोहोंमध्ये अंतर का पडते आणि ते कमी व्हावे म्हणून पाठाची रचना कशी बदलावी, हे शिकण्यासाठी एक चांगला कोर्सही पुष्कळ उपयोगी पडतो. हाताशी असा नेमका प्रश्न असलेल्या विद्यार्थ्याला पदव्युत्तर वर्गातून जेवढे मिळते, तेवढे केवळ 'क्षेत्र कसे आहे ते पाहू' म्हणून आलेल्याला मिळत नाही, असे माझे ठाम मत आहे.

या अंतराची कारणे एकाहून अधिक असतात. त्यांतले एक काळाशी संबंधित आहे. हेन्री रोएडिगर आणि जेफ्री कार्पिक यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांना एक उतारा वाचायला दिला. नंतर काहींनी तो पुन्हा वाचला, तर काहींनी तो समोर न ठेवता आठवेल तेवढा लिहून काढला. पाच मिनिटांनी घेतलेल्या परीक्षेत पुन्हा वाचणारे सरस ठरले, परंतु आठवड्याने घेतलेल्या परीक्षेत आठवून लिहिणारे त्यांच्या पुढे गेले. पाठ संपताक्षणी घेतलेल्या चाचणीतले गुण शिक्षकाला आणि शिकणाऱ्याला, दोघांनाही, फसवा दिलासा देतात तो यामुळेच. तीच चाचणी पाच-सहा दिवसांनी, पाठ पुन्हा न उघडता सोडवायला दिली, तर तुम्हाला अधिक खरे चित्र दिसेल, आणि त्या आठवण्याच्या कष्टातून परिचारिकांच्या लक्षातही अधिक राहील.

दुसरे कारण उद्दिष्टाच्या मांडणीत असते. 'परिचारिकेला पंपाच्या अलार्मचे प्रकार समजतील' असे उद्दिष्ट लिहिले, की त्यातून आपोआप चार पर्यायांचे प्रश्न तयार होतात आणि योग्य पर्याय ओळखता आला की काम झाले असे वाटते. रॉबर्ट मॅगर यांनी १९६२ मध्येच सुचवले होते की उद्दिष्टात तीन गोष्टी असाव्यात: शिकणारी व्यक्ती काय करून दाखवेल, कोणत्या परिस्थितीत करेल आणि ते कितपत चांगले झाले म्हणजे पुरेसे मानायचे. त्या रीतीने तुमचे उद्दिष्ट असे होईल: 'दोन रुग्णांची जबाबदारी असताना एका पंपाचा अलार्म वाजल्यास, पडद्यावरील संदेश वाचून परिचारिका त्याचे कारण ओळखेल आणि रुग्णालयाच्या ठरलेल्या पद्धतीप्रमाणे, कोणाच्याही मदतीशिवाय, योग्य कृती करेल.' हे वाक्य एकदा लिहिले, की चार पर्यायांचा प्रश्न अपुरा आहे हे कोणी सांगावे लागत नाही. सराव कशाचा द्यायचा, तो कोठे द्यायचा आणि चाचणी कशी घ्यायची, हे सारे त्या वाक्यातूनच निघते.

तिसरे कारण सर्वांत महत्त्वाचे असून प्रत्यक्ष कामाच्या धावपळीत तेच सर्वाधिक दुर्लक्षित राहते: अडचण मुळात शिकवण्याची नसेलही. मॅगर आणि पीटर पाइप यांनी १९७० मध्ये यासाठी एक साधी कसोटी पुढे ठेवली. अगदीच वेळ आली तर ही व्यक्ती ते काम करू शकेल का? करू शकत असेल, तर ज्ञान आहे आणि अडथळा दुसरीकडे आहे. पंपाच्या मर्यादा अशा ठरवलेल्या असतील की अलार्म विनाकारण सतत वाजत राहतो, किंवा एका परिचारिकेकडे पेलणार नाहीत इतके रुग्ण असतील, तर कितीही सुंदर पाठ केला तरी वॉर्डमधले चित्र पालटणार नाही. या विश्लेषणाला लर्निंग डिझाइनमध्ये मानाचे स्थान आहे. 'येथे पाठाची गरज नाही, यंत्राची मांडणी बदला' असे पुराव्यानिशी सांगता येणे ही या व्यवसायातली फार मोलाची सेवा आहे, आणि ते सांगण्याचे धैर्य अभ्यासाने येते.

सुरुवात कोणत्या कोर्सने करावी, याचे उत्तर यातूनच निघते. या विषयाची पाळेमुळे बऱ्याच अंशी लष्करी प्रशिक्षणात आहेत. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी हवाई दलासाठी काम केलेले मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट गॅन्ये यांनी १९६२ मध्ये लिहिले, की केवळ भरपूर सराव देण्यापेक्षा कामाचे घटक वेगळे काढणे, प्रत्येक घटक नीट साधेल याची काळजी घेणे आणि त्यांचा क्रम योग्य लावणे अधिक फलदायी ठरते. पुढे १९७५ मध्ये फ्लोरिडा स्टेट विद्यापीठातील केंद्राने अमेरिकी लष्करासाठी जी पद्धत तयार केली, तिच्यातून विश्लेषण, रचना, निर्मिती, अंमलबजावणी आणि मूल्यमापन हे पाच टप्पे रूढ झाले. त्यांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून 'ॲडी' हे नाव पडले. कार्यालयांमध्ये बहुतेक वेळा मधल्या तीन टप्प्यांवरच सारा वेळ जातो, पहिला आणि शेवटचा टप्पा घाईत उरकला जातो किंवा गाळलाच जातो. विद्यापीठाच्या वर्गात नेमके याच दोन टप्प्यांसाठी वेळ, मार्गदर्शन आणि परखड अभिप्राय मिळतो. म्हणून पहिला कोर्स रचनेच्या मूलभूत पद्धतीचा घ्यावा, ज्यात तुम्हाला एका खऱ्या प्रकल्पाचे गरज-विश्लेषण आणि रचनेचा संपूर्ण आराखडा लिहावा लागेल. दुसरा कोर्स मूल्यमापनाचा असावा. माणसे कशी शिकतात याविषयीचा कोर्स तितकाच मोलाचा आहे आणि वेळ असेल तर तो तिसरा घ्यावा. जॉन स्वेलर यांचा १९८८ पासूनचा बोधात्मक भाराचा, म्हणजे शिकताना मनाला एका वेळी किती पेलते याचा, विचार आणि रिचर्ड मेयर यांची चित्र-ध्वनी-मजकुराविषयीची तत्त्वे अशाच कोर्समध्ये सविस्तर भेटतात. चित्रफितीत बोलला जाणारा मजकूर जसाच्या तसा पडद्यावरही दाखवला तर शिकणे बहुधा कठीण होते, ही मेयर यांच्या संशोधनातली एकच गोष्ट पाठांना लावली तरी पुष्कळ फरक पडतो. (श्राव्य भाग ऐकू न येणाऱ्यांसाठीची उपशीर्षके हा वेगळा आणि आवश्यक विषय आहे. ती चालू-बंद करण्याची सोय ठेवावी.)

कोर्स निवडताना नावावर आणि माहितीपत्रकावर विसंबू नका. मागच्या सेमिस्टरचा सिलॅबस मागवा. बहुतेक प्राध्यापक किंवा विभागाची कार्यालये तो आनंदाने पाठवतात. सिलॅबसमध्ये मी सर्वांत आधी गृहपाठ पाहतो. शेवटी हातात काय तयार होणार आहे, आणि ते तयार होण्याआधी प्राध्यापक मसुद्यावर किती वेळा अभिप्राय देणार आहेत? व्याख्याने आणि वाचन आज अन्यत्रही मिळते, अनुभवी माणसाने तुमच्या मसुद्यावर ओळ-ओळ वाचून लिहिलेली टिप्पणी मात्र सहज मिळत नाही, आणि शुल्क द्यायचे ते मुख्यतः तिच्यासाठी. दर आठवड्याला फक्त चर्चेच्या नोंदी लिहायच्या आणि अखेरीस एक निबंध द्यायचा, अशी रचना असेल तर तुमच्यासारख्या कामकरी व्यक्तीने तो कोर्स सोडून द्यावा. स्वतःच्या कामातला प्रकल्प घेता येईल का, हेही विचारावे. घेता येत असेल तर रुग्णालयाची परवानगी आधी लेखी मिळवावी आणि रुग्णाची ओळख पटेल अशी कोणतीही माहिती वर्गात नेऊ नये. रुग्णांच्या माहितीच्या गोपनीयतेविषयीच्या १९९६ च्या हिपा कायद्याची जाण तुम्हाला आहेच, पण गृहपाठाच्या भरात स्क्रीनचे चित्र जोडताना तिचा विसर पडू शकतो.

सिलॅबसच्या दर्जाची आणखी एक परीक्षा आहे. कोणी पाहून शिकतो, कोणी ऐकून शिकतो, म्हणून प्रत्येकाच्या शैलीप्रमाणे शिकवावे, हे तेथे सिद्ध तथ्य म्हणून मांडले असेल तर सावध व्हावे. हॅरल्ड पॅशलर आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये घेतलेल्या आढाव्यात शैलीनुसार शिकवण्याच्या बाजूने पुरेसा पुरावा आढळला नाही. 'वाचलेले दहा टक्के लक्षात राहते, केलेले नव्वद टक्के' असा तक्ता दिसला तरी तेच. तो शिक्षणतज्ज्ञ एडगर डेल यांच्या नावावर खपवला जातो, परंतु डेल यांच्या १९४६ च्या मूळ आकृतीत, म्हणजे 'अनुभवांच्या शंकूत', टक्केवारी नव्हती. जो विभाग शिकण्याचे शास्त्र शिकवतो, त्याने अशा गोष्टी तपासून घ्यायला हव्यात, ही अपेक्षा अवाजवी नाही.

वेळेचा हिशेब मात्र कठोरपणे करावा. अमेरिकेत कोर्सचा भार क्रेडिटमध्ये मोजतात, आणि एका क्रेडिटमागे आठवड्याला वर्गातला एक तास आणि वर्गाबाहेरचे किमान दोन तास, असे सुमारे पंधरा आठवडे धरण्याची रीत आहे. तीन क्रेडिटच्या कोर्सला त्यामुळे आठवड्याला नऊ तास लागतात. हाच कोर्स साडेसात किंवा आठ आठवड्यांच्या सत्रात घेतला तर हा भार जवळजवळ दुप्पट होतो. रात्रपाळी करणाऱ्या व्यक्तीने पहिल्या वेळी पूर्ण लांबीचा एकच कोर्स घ्यावा. नॉन-डिग्री म्हणून मिळालेली श्रेणीसुद्धा विद्यापीठाच्या ट्रान्सक्रिप्टवर कायम राहते. म्हणून शुल्क परत मिळण्याची आणि 'डब्ल्यू' (कोर्स सोडल्याची नोंद) घेऊन बाहेर पडण्याची, अशा दोन्ही अंतिम तारखा नोंदणीच्याच दिवशी लिहून ठेवाव्यात.

प्रश्न: नोकरीच्या जाहिरातींमध्ये आर्टिक्युलेट स्टोरीलाइन, कॅप्टिव्हेट या ऑनलाइन पाठ बनवण्याच्या सॉफ्टवेअरचीच मागणी दिसते. ही साधने घरबसल्या शिकता येतात, आणि आता कृत्रिम बुद्धिमत्ताही काही मिनिटांत पाठाचा मसुदा तयार करून देते. मग पदव्युत्तर कोर्सवर पैसे का घालवावेत?
— एक वाचक, नॉर्थ कॅरोलायना

उत्तर: साधने अवश्य शिका, आणि ती घरीच शिका. पदव्युत्तर क्रेडिटचे पैसे सॉफ्टवेअरची बटणे शिकण्यासाठी खर्च करू नयेत, या बाबतीत मी तुमच्याशी पूर्ण सहमत आहे. मात्र साधन येणे आणि त्या साधनाने काय बनवावे हे ठरवता येणे ही दोन वेगळी कौशल्ये आहेत, आणि मुलाखतीत विचारले जाणारे कठीण प्रश्न दुसऱ्या कौशल्याविषयी असतात: हा सराव येथेच का ठेवला, हा भाग का वगळला, पाठाचा उपयोग झाला हे कशावरून समजले?

एक तांत्रिक उदाहरण देतो. कंपन्यांच्या प्रणालींमध्ये पाठ सहसा स्कॉर्म या मानकाच्या स्वरूपात टाकले जातात. स्कॉर्म पाठ पूर्ण झाला का, किती गुण मिळाले, किती वेळ लागला, अशा मोजक्याच गोष्टी चांगल्या नोंदवते. २०१३ मध्ये आलेल्या एक्सएपीआय या मानकामुळे पाठाबाहेरच्या, म्हणजे प्रत्यक्ष कामावरच्या कृतींचीही नोंद ठेवता येते. स्टोरीलाइन या दोन्ही स्वरूपांत पाठ बाहेर काढते, परंतु काय नोंदवणे अर्थपूर्ण आहे हे ती सांगू शकत नाही. ते आधी रचनाकाराला ठरवावे लागते. अपंगत्व असलेल्यांना पाठ वापरता येण्याचेही तसेच आहे. अमेरिकेच्या न्याय विभागाने २०२४ च्या नियमात राज्य आणि स्थानिक शासनसंस्थांच्या संकेतस्थळांसाठी डब्ल्यूसीएजी २.१ या सुगम्यतेच्या मानकाची 'एए' पातळी ठरवली आहे. साधनातल्या एका चौकटीत खूण केली म्हणजे ती पातळी गाठली असे होत नाही. माऊस न वापरता केवळ कळफलकाने संपूर्ण पाठ पार करता येतो का, हे कोणीतरी बसून पाहावेच लागते.

कृत्रिम बुद्धिमत्ता मसुदा झटपट देते हे खरे आहे, आणि त्याच कारणाने मसुद्याची पारख करू शकणाऱ्या माणसाची गरज वाढते. चुकीच्या गरजेवर आधारलेला पाठ पूर्वी तीन आठवड्यांत तयार होत असे, आता तो तीस मिनिटांत होतो आणि तेवढ्याच लवकर शेकडो कर्मचाऱ्यांचा वेळ वाया घालवतो. ते वेळेत ओळखून थांबवता यावे, यासाठी वर्गात जावे.

प्रश्न: मी एका बँकेच्या प्रशिक्षण विभागात आहे. कंपनी शिक्षणाचा काही खर्च देते असे ऐकले आहे. नॉन-डिग्री कोर्ससाठी तो मिळेल का? पुढे पदवी घ्यावीशी वाटली तर हे क्रेडिट वाया जातील का?
— एक वाचक, इलिनॉय

उत्तर: आधी पैशांचे. अमेरिकेच्या करकायद्यातील कलम १२७ प्रमाणे मालकाने लेखी योजनेखाली कर्मचाऱ्याच्या शिक्षणासाठी दिलेली वर्षाला ५,२५० डॉलरपर्यंतची रक्कम कर्मचाऱ्याच्या करपात्र उत्पन्नात धरली जात नाही. पदव्युत्तर कोर्स यात बसतात आणि पदवीसाठी प्रवेश असलाच पाहिजे अशी अट कायद्यात नाही. तशी अट कंपनीच्या स्वतःच्या योजनेत असू शकते, म्हणून योजनेचा मजकूर मुळातून वाचावा. पूर्वपरवानगी, ठरावीक श्रेणी मिळाल्यावरच परतफेड, आणि नंतर काही काळ नोकरीत राहण्याचे बंधन, या तीन ठिकाणी लोक हमखास अडखळतात. पूर्वपरवानगी नोंदणीच्या आधी घ्यावी.

स्वतःच्या खिशातून शुल्क भरल्यास लाइफटाइम लर्निंग क्रेडिट या करसवलतीचा विचार करावा. पात्र खर्चाच्या पहिल्या १०,००० डॉलरच्या वीस टक्के, म्हणजे जास्तीत जास्त २,००० डॉलर, करातून कमी होतात. कामाची कौशल्ये मिळवण्यासाठी किंवा वाढवण्यासाठी पात्र संस्थेत घेतलेला एखादाच कोर्सही त्यासाठी चालतो. एकट्याने विवरणपत्र भरणाऱ्यांना हा लाभ ८०,००० डॉलरच्या उत्पन्नापासून आणि पती-पत्नींनी एकत्र भरल्यास १,६०,००० पासून घटत जातो, आणि अनुक्रमे ९०,००० व १,८०,००० ला तो संपतो. जो खर्च कंपनीने करमुक्त दिला, त्यावर हा लाभ पुन्हा घेता येत नाही. केंद्र सरकारची शिक्षणकर्जे मात्र सामान्यतः पदवी किंवा मान्य सर्टिफिकेट कार्यक्रमात प्रवेश घेतलेल्यांनाच मिळतात. सुटे कोर्स करणाऱ्याने त्यांवर भिस्त ठेवू नये.

आता कोर्सच्या क्रेडिटविषयी. क्रेडिट वाया जातीलच असे नाही, पण ते मोजले जातील असे गृहीतही धरू नये. बहुतेक विद्यापीठे नॉन-डिग्री म्हणून मिळवलेल्या क्रेडिटपैकी ठरावीक संख्येपर्यंतच, अनेक ठिकाणी सहा ते बारा, पदवीकडे धरतात. त्यासाठी 'बी' किंवा त्याहून वरची श्रेणी लागते आणि कोर्स फार जुना असून चालत नाही. एका विद्यापीठाचे क्रेडिट दुसरीकडे न्यायचे असतील तर नियम आणखी कडक असतात. हार्वर्ड एक्स्टेन्शन स्कूलसारख्या ठिकाणी व्यवस्था वेगळी आहे. तेथे बहुतेक कोर्स आधी अर्ज न करता घेता येतात, आणि पदवीच्या प्रवेशासाठी आधी केलेल्या ठरावीक कोर्समधली कामगिरीच पाहिली जाते. तुमच्या मनात पदवीची शक्यता थोडी जरी असेल, तर ज्या कार्यक्रमात पुढे जावेसे वाटते त्याच कार्यक्रमाचे कोर्स घ्या. किती क्रेडिट धरले जातील, किती वर्षे धरले जातील आणि मुख्य कोर्सपैकी कोणते नॉन-डिग्री विद्यार्थ्यांना खुले आहेत, हे कार्यक्रमाच्या समन्वयकाला ईमेलने विचारून उत्तर जपून ठेवा. फोनवरचे आश्वासन दोन वर्षांनी कोणाच्याही स्मरणात नसते. पदवी आणि सुटे कोर्स यांच्या मधली वाट म्हणून चार-पाच कोर्सचे पदव्युत्तर सर्टिफिकेटही अनेक विद्यापीठे देतात. कोर्सची निवड त्या सर्टिफिकेटच्या यादीतून केली तर दोन्ही दारे उघडी राहतात.

बायोडाटामध्ये हे कोर्स कसे लिहावेत, असेही तुम्ही शेवटी विचारले आहे. विद्यापीठाचे नाव, 'पदव्युत्तर कोर्स' असा स्पष्ट उल्लेख, कोर्सची नावे आणि वर्ष एवढे लिहावे. पदवी चालू आहे असा समज होईल अशी मांडणी करू नये. कोर्समध्ये तयार केलेला आराखडा पोर्टफोलिओत ठेवला तर त्याचे वजन नावापेक्षा जास्त असते, मात्र बँकेची अंतर्गत माहिती त्यातून काढून टाकावी.

प्रश्न: मी भारतात पाच वर्षे माध्यमिक शाळेत शिकवत होते. माझे शिक्षण बी.ए. आणि बी.एड. आहे. सध्या एच-४ व्हिसावर (एच वर्गाच्या व्हिसावर काम करणाऱ्यांच्या कुटुंबीयांसाठीचा) असून नोकरीची परवानगी नाही. मला असे कोर्स करता येतील का? माझी तीन वर्षांची बी.ए. पदवी येथे चालेल का?
— एक वाचक भगिनी, न्यू जर्सी

उत्तर: करता येतील. एच-४ वर असलेल्या व्यक्तीला अर्धवेळ किंवा पूर्णवेळ शिक्षण घेण्याची मुभा आहे, त्यासाठी विद्यार्थ्यांसाठीचा एफ-१ व्हिसा घ्यावा लागत नाही. उलट, एफ-१ वर पूर्णवेळ अभ्यासाचे बंधन येते, त्यामुळे एक-एक कोर्स करण्याची तुमची योजना एच-४ वरच अधिक सोपी आहे. (भेटीसाठी बी-२ व्हिसावर आलेल्या नातेवाइकांना मात्र अशा अभ्यासक्रमात नाव घालता येत नाही. तसाही प्रश्न काही पत्रांत होता.) राज्यातील रहिवाशांसाठीचे कमी शुल्क तुम्हाला लागू होईल का, हे राज्याप्रमाणे बदलते. विद्यापीठाच्या निवास-पात्रतेच्या कार्यालयाला कागदपत्रांसह विचारावे.

तीन वर्षांच्या पदवीविषयी विद्यापीठांची धोरणे वेगवेगळी आहेत. बी.ए. नंतर बी.एड. केलेले असल्याने दोन्ही मिळून विचार करा अशी विनंती अर्जातच करावी आणि दोन्ही गुणपत्रके सोबत जोडावीत. अनेक विद्यापीठे नेसेस या, परदेशी पदव्या तपासणाऱ्या संस्थांच्या, संघटनेच्या सदस्य संस्थेकडून केलेले मूल्यांकन मागतात. ते कोर्सनिहाय करून घ्यावे, म्हणजे पुढे पदवीसाठी अर्ज केल्यास पुन्हा करावे लागणार नाही. भारतातील विद्यापीठाकडून कागदपत्रे थेट मागवायला लागणारा वेळ लक्षात घेऊन सेमिस्टरच्या बऱ्याच आधी सुरुवात करावी. नॉन-डिग्री विद्यार्थ्यांची नोंदणी सहसा पदवीच्या विद्यार्थ्यांनंतर उघडते, आणि लोकप्रिय कोर्समधल्या जागा तोपर्यंत भरलेल्या असतात. त्यामुळे मनातल्या कोर्सच्या प्राध्यापकांना आधीच पत्र लिहावे.

तुमचा वर्गातला अनुभव ही या विषयातली खरी शिदोरी आहे. मुले कोठे अडतील हे आधी ओळखणे, कठीण भागाचे तुकडे पाडणे, चुकीच्या उत्तरामागचा विचार शोधणे, हे तुम्ही वर्षानुवर्षे केलेले आहे. नवीन असेल ते एवढेच, की येथे शिकणाऱ्यासमोर तुम्ही नसता. वर्गात चेहऱ्याकडे पाहून जे स्पष्टीकरण तुम्ही जागच्या जागी बदलत होता, ते येथे आधीच कल्पून पाठात गुंफावे लागते. म्हणून टेक्ससच्या वाचक भगिनींना सुचवलेला क्रम तुमच्यासाठी थोडा बदलेन: पहिला कोर्स ऑनलाइन शिक्षणाच्या रचनेचा घ्या आणि मूल्यमापनाचा नंतर.

एका बाबतीत काळजी घ्या. काही कोर्समध्ये बाहेरच्या संस्थेसाठी प्रकल्प करायचा असतो. गुणांसाठी केलेला गृहपाठ आणि संस्थेसाठी केलेले काम यांच्यामधली सीमा तेथे पुसट होते, आणि नोकरीची परवानगी नसताना बिनपगारी कामही अडचणीत आणू शकते. नोंदणीपूर्वी सिलॅबसमधला तो भाग विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाला दाखवून लेखी उत्तर घ्या. उत्तर प्रतिकूल आले तर कल्पित संस्था धरून किंवा सर्वांना खुल्या असलेल्या साहित्यावर तोच प्रकल्प करण्याची मुभा प्राध्यापकांकडे मागा.